हौसाबाईला ‘ने’ म्हणणारा

ओवे गावात हौसाबाई मढवीला ‘तू’ म्हणायची छाती असलेली माणसं फार नाहीत. मुलगा प्रणित म्हणतो, कारण तो पोटचा. उरणकडची एक जुनी मैत्रीण म्हणते, कारण मिठागरात दोघींनी एकाच बांधावर तळपाय सोलून घेतलेले. बाकी नगरसेवकापासून केबलवाल्यापर्यंत सगळे ‘हौसाकाकी, तुमी’. आणि अशा बाईला एक कोरियन पोरगा, घरात राहायला येऊन आठवडा झाला नाही तोच, तिच्याच ताटावर बसून ‘ने’ म्हणाला.

न्या नव्हे. नको नव्हे. नुसतं ‘ने’. गड्याला सांगावं तसं.

हौसाबाईच्या हातात कालवणाची पळी होती. “आजून देऊ?” एवढंच तिनं विचारलं होतं. पळी होती तशी पातेल्यात परत गेली, पातेलं चुलीकडे गेलं आणि हौसाबाईच्या कपाळावर आठी आली. ती आठी पुढं बरेच दिवस उतरली नाही.

ही आठी म्हणजे काय प्रकरण आहे, हे कळायला बाई कोण ते कळलं पाहिजे. हौसाचा जन्म मिठागरवाल्यांचा. भर उन्हात फळीनं मीठ ओढायचं, पाटीत भरायचं आणि ती पाटी डोक्यावर घेऊन बांध चढायचा. मिठानं तळपायाला चिरा पडतात आणि त्या चिरांत पुन्हा मीठच जातं. ती रडली नाही असं नाही, पण पाटी खाली ठेवून रडली नाही. लग्न होऊन ओव्यात आली तेव्हा इथं भातशेती होती. मग सरकारी मोजणीवाले आले, शेतं गेली, आणि जिथं हौसानं गुडघाभर चिखलात भाताच्या रोपांचं आवण लावलं तिथं खारघरचे टोलेजंग टॉवर उभे राहिले. बदल्यात एक प्लॉट मिळाला. नवरा काशिराम तो प्लॉट बघून समाधानानं हसला आणि वर्षभरात गेला.

त्यानंतर बिल्डरांची माणसं घरी यायला लागली. “काकी, तुम्ही एकट्या बाईमाणूस, आम्ही बांधतो, तुम्हाला त्यात दोन फ्लॅट देतो.” हौसाबाईनं प्रत्येकाला चहा पाजला आणि प्रत्येकाला दार दाखवलं. “घर मी बांदीन,” ती म्हणाली, आणि बांधलं. गवंड्याच्या डोक्यावर छत्री धरून उभी राहिली, सिमेंटमध्ये वाळू जास्त पडली की फावडं हातातून काढून घेतलं. तीन मजली घर उभं राहिलं. दारावर काशिरामचं नाव आहे, पण पत्ता विचारणारे ‘हौसाकाकीचं घर’ असंच विचारतात. याचा तिला गर्व आहे. का नसावा? मलाही असता.

तिचं एक वाक्य गावात सगळ्यांना पाठ आहे: “मी कुनाचा हात धरून चालली नाय.” हे वाक्य तिनं मिठागरात मिळवलं, आणि त्याची किंमत तिचे गुडघे भरत होते. घर बांधून झाल्यावर दोनेक वर्षांत तिला स्वतःच्याच घराचा जिना चढवेना. ती खाली राहायची, वरचे मजले भाड्यानं. गुडघ्याबद्दल कुणी विचारलं तर म्हणायची, “माजा काय नाय.” डॉक्टरकडे जायचं म्हणजे कुणीतरी न्यायला हवं, आणि हौसाबाईला कुणी ‘नेणं’ ही कल्पनाच तिला मानवत नव्हती.

तर असल्या घरात संगमिन आला. हा पोरगा न्हावा शेवाच्या बंदरात कंटेनर उचलायच्या अवजड क्रेन बसवणाऱ्या एका कोरियन कंपनीत इंजिनियर. कंपनीनं त्याला आधी खारघरच्या एका टॉवरमध्ये फ्लॅट दिला होता. तिथं त्याच्या कोबीच्या आंबट-तिखट लोणच्याची बरणी लिफ्टमध्ये उघडली म्हणे, आणि कमिटीची बैठक बसली. वास चालणार नाही. प्रणितचे ट्रेलर बंदरातच फिरतात, तिथं त्याची या पोराशी ओळख. त्यानं घरी येऊन विषय काढला.

“मावरा खातं का?” हौसाबाईनं पहिला प्रश्न विचारला.

“खातो की.”

“सुकट? जवला?”

“आये, त्यांच्याकडं तर जवळा मिठात घालून वर्षभर ठेवतात.”

“मग वासाचा काय घेऊन बसलीत ती टावरवाली? माज्या घरात वासाला वास येनार हाय का?”

असा तो आला. आल्या आल्या न सांगता बूट बाहेर काढले, हौसाबाईपुढं कमरेतून वाकला आणि खाली मांडी घालून बसला. हौसाबाईनं तिथल्या तिथं त्याला पास केलं. संगमिन हे नाव तोंडात नीट बसेना, म्हणून संध्याकाळपर्यंत त्याचा ‘संग्या’ झाला. पोलिसांकडची नोंद, भाडेकरार वगैरे प्रणितनं केलं. बाकीचं खातं आईकडे. पाणी उकळून कुठल्या हंड्यात ठेवलंय, आंघोळीला बालदी आणि तांब्या, मच्छरदाणी कुठल्या खिळ्याला, रसवंतीच्या रसात बर्फ घ्यायचा नाही, मारुतीच्या देवळामागचा लाल कुत्रा चावतो. हे सगळं तिनं हातवारे करून समजावलं. कुत्र्याचा भाग तर तिनं असा काही केला की शेजारची पोरं बघायला जमली.

पहिल्याच रविवारी त्यानं मोबाईल पुढं केला. पलीकडे त्याची आई. समुद्राकाठचं घर, मागं जाळीवर बारीक मासळी वाळत घातलेली. हौसाबाईला वाटलं, ही तर उरणचीच कुणी बाई. त्या बाईनं काहीतरी म्हटलं, मग स्वतःच्या पोटावर हात ठेवला, मुलाकडे बोट दाखवलं आणि दोन्ही हात जोडले. त्याला काय भाषांतर लागतं? हौसाबाईनंही आपल्या पोटावर थाप मारली.

“बाय, तू काय काळजी करू नको. त्याचा पोट माज्याकडं.”

हा शब्द तिनं एका आईला दिला होता, आणि हौसाबाईचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. म्हणूनच ‘ने’ इतकं झोंबलं.

कुणी म्हणेल, मोबाईलवर भाषांतर होतं, त्यात का नाही विचारलं? विचारलं होतं. पहिल्या दिवशीच हौसाबाईनं त्या यंत्राच्या तोंडाशी जाऊन मोठ्यानं विचारलं होतं, “जेवान कसा झाला?” यंत्रानं कोरियनमध्ये काहीतरी सांगितलं. संगमिन ताठ बसला, गंभीर झाला आणि बराच वेळ बोलला. मग यंत्र शुद्ध पुणेरी मराठीत म्हणालं, “सरकारी नियमानुसार. तेथे अतिशय थंडी होती. माझे वरिष्ठ कठोर होते.” यंत्रानं ‘जेवान’चं ‘जवान’ केलं होतं, आणि पोरगा सैन्यात कसा गेला ते सांगत बसला होता. हौसाबाईनं तो मोबाईल तिथंच उलटा ठेवला. “याला ओव्याचा कळत नाय,” तिनं निकाल दिला. तेव्हापासून दोघांमध्ये हात, डोळे आणि एकेक शब्द एवढंच.

आणि त्याचा शब्द एकच. ‘ने’.

“भाकर देऊ?” ने. भाकरी परत. “भात?” ने. भात परत. तांदळाच्या भाकरीबरोबर तिनं मुद्दाम कोलंबीचं कालवण केलं, पोरानं पहिलं वाढलेलं चाटूनपुसून खाल्लं, आणि पुन्हा विचारलं तर मान लववून ‘ने’. आणि परत जाणाऱ्या पातेल्याकडे असा बघत राहायचा की जणू कुणी जवळचं माणूस गावाला चाललंय. ते मात्र हौसाबाईला दिसत नव्हतं, कारण तोवर तिनं पाठ फिरवलेली असायची. सून भाविका घरी असती तर तिनं बघितलं असतं, पण ती बाळंतपणाला माहेरी गेली होती आणि प्रणित ट्रेलरच्या मागं. ताटावर हे दोघंच.

“त्याला आपला जेवान आवडत नाय,” ती एकदा प्रणितला म्हणाली.

“मला तर इंग्रजीत म्हणतो, फार आवडतं.”

“तुना म्हनल. ताटावर मना ‘ने’ म्हनतंय. तू-तडाक करतंय.”

“आये, त्याला मराठी कुठं येतं?”

“येवढा एक बरा येतंय!”

मोबाईलवर साहेबाशी बोलतानाही तो विचित्रच. सारखं आपलं ‘ये, ये, ये’. हौसाबाई दाराकडे बघायची, कुणी येतंय का. कुणी येत नव्हतं. “घरच्यांना म्हनतंय ने, आनि लोकांना बोलावतंय,” ती पुटपुटायची.

मग तिनं विचारणंच बंद केलं. एकदा वाढायचं, बस. पातेलं ताटाजवळ आणायचंच नाही. पाहुण्याला आग्रह न करता जेवू घालणं हे तिच्या हातून आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. पण मान मोठा की पोट मोठं? तिनं मानाला वाढलं. तिकडे संगमिनला वाटलं, या गावाची रीतच अशी असणार, एकदा वाढलेलं पुरवून खायचं. पाहुण्यानं मागायचं नसतं, हे त्याच्या आईनं त्याला शिकवलेलं. तो वर जाऊन बिस्किटं खायचा.

गणपती गेल्यावर बाजारात कोळीण हसत म्हणाली, “काकी, तुमचा कोरियावाला वालला की ओ! काय घालता का नाय?” आजूबाजूच्या बायाही हसल्या. हौसाबाईनं त्या दिवशी मासे न घेता पाठ फिरवली. रस्ताभर तिला ती समुद्राकाठची बाई दिसत होती, पोटावर हात ठेवलेली.

भाद्रपद सरत आला होता. एके दिवशी कंपनीची गाडी संगमिनला दुपारीच सोडून गेली. तो कठडा धरून वर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीनं हॉर्न दिला, कुणी उतरलं नाही, गाडी गेली. हौसाबाई ओटीवर तांदूळ निवडत होती. तिनं बघितलं, बूट पायरीवर कालच्यासारखेच, एक आडवा पडलेला. संगमिन बूट कधी आडवा टाकत नसे.

तिनं खालून हाक मारली. उत्तर नाही. प्रणितला फोन केला, तो बंदराच्या रस्त्यावर ट्रेलरच्या रांगेत अडकलेला, पुढं नाही, मागं नाही. “आये, शेजारच्या कुणाला तरी वर पाठव.”

हौसाबाईनं सूप बाजूला ठेवलं, कठडा धरला आणि चढायला लागली. दोन मजले. एकेका पायरीला गुडघ्यात कळ जात होती आणि एकेका पायरीला ती कुणाला तरी शिव्या देत होती. गवंड्याला, काशिरामला, त्या उंच पायऱ्या हव्यात म्हणणाऱ्या स्वतःला. वर पोचली तेव्हा पदर घामानं भिजला होता.

खोलीत संगमिन भिंतीकडे तोंड करून पडला होता. तिनं कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला.

“संग्या. ताप हाय तुला?”

“ने,” तो म्हणाला. डोळे मिटलेलेच.

“आता पन ‘ने’च? बरं. पानी देऊ?” तिनं हंड्यातलं पाणी पेल्यात घेतलं आणि त्याच्या तोंडापुढं धरलं.

“ने.”

सवयीनं तिचा हात मागं गेला. आणि संगमिनचा हात पुढं आला. पेल्यामागं आला, हवेत थरथरला, आणि तिथंच थांबला.

हौसाबाई पेला धरून उभी राहिली. तोंड म्हणतंय ने, आणि हात म्हणतोय दे. तिनं पेला पुन्हा जवळ नेला. त्यानं तो दोन्ही हातांनी ओढून घेतला आणि एका दमात संपवला. तिनं दुसरा भरला. “आजून?”

“ने.” आणि हात पुढं.

तिला एकदम सगळं दिसलं. प्रत्येक जेवण. प्रत्येक पळी. पातेल्यामागं जाणारे ते डोळे, जे तिनं कधी बघितले नव्हते पण आता पाठीला लागल्यासारखे जाणवले. हे पोर हो म्हणत होतं. रोज, मान लववून, अदबीनं हो म्हणत होतं, आणि तिनं त्याच्या तोंडचा घास परत नेला होता. ज्या हातानं आख्खं घर उभं केलं त्याच हातानं. हौसाबाई त्याच्या उशाशी मटकन बसली आणि आपल्या गालावर एक चापट मारून घेतली, अगदी आवाज येईल अशी.

मग ती उठली, कारण रडायला वेळ नव्हता. पाटी डोक्यावर होती.

“दवाखान्यात नेऊ तुला?”

“ने,” संगमिन म्हणाला.

या वेळी मात्र तो शब्द दोन्ही भाषांत बरोबर बसला.

खिडकीतून तिनं आनंदा रिक्षावाल्याला अशी हाक घातली की चार घरांच्या खिडक्या उघडल्या. त्याची वाट न बघता पोराचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि जिना उतरायला लागली. सहा फुटी पोरगा आणि त्याच्या काखेत गेलेली हौसाबाई. आनंदा धावत वर आला तेव्हा ती दोघं पहिल्या मजल्यावर पोचली होती. “काकी, सोडा, मी घेतो.” “खालचा दार उघड तू,” ती म्हणाली.

खारघरच्या दवाखान्यात डॉक्टर पद्मजा होत्या. शांत बाई, हातानं काम चालू आणि डोळे सगळीकडे. त्या संगमिनला इंग्रजीत विचारत गेल्या. पोटात दुखतं का, उलटी झाली का. तापाच्या गुंगीत त्याची इंग्रजी कुठं पळाली होती कोण जाणे, तो फक्त ‘ने, ने’ करत होता.

“नाही म्हणतोय का हा?” डॉक्टरांनी विचारलं.

“नाय ओ! त्याचा ‘ने’ म्हंजे हो. मना आज कळला.” आणि मग, डॉक्टरांनी काही विचारलेलं नसताना, तिचा आवाज फुटला. “आजच कळला, बाई.”

डॉक्टरांनी मान हलवली. हिरड्यांतून रक्त येतं का, हे विचारून त्या थांबल्या नाहीत. ‘ने’ ऐकलं आणि स्वतः ओठ उघडून बघितलं. येत होतं. “डेंग्यू वाटतोय. लगेच दाखल करू. वेळेवर आणलंत.” सलाईन लागलं, रक्त तपासायला गेलं. सगळं मार्गी लावून डॉक्टर परत आल्या त्या सरळ हौसाबाईसमोर. “आता तुम्ही. हा गुडघा कधीपासून असा सुजलाय?”

“माजा काय नाय.”

“काय नाय कसं? बदलावा लागेल हा. उगाच सहन करताय.”

“आदी त्या पोराचा बगा,” हौसाबाई म्हणाली, आणि पदराखाली पाय लपवला.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला, पण खरी काळजी आत्ताच घ्यायची, असं डॉक्टर बजावून गेल्या होत्या. पोरानं पातळ काही तरी पोटात घ्यायला हवं होतं आणि तो कशालाच तोंड लावत नव्हता. हौसाबाईनं घरी तांदळाची पेज केली. आजाऱ्याला करतात तशी, कण्या विरघळेपर्यंत शिजवलेली, वर मिठाची चिमूट. डब्यात घालून आनंदाच्या रिक्षानं दवाखान्यात आली. प्रणित शेजारी बसला होता, आणि त्याच वेळी मोबाईलवर ती समुद्राकाठची आई आली होती. मुलाला सलाईन लावलेलं बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

हौसाबाईला दारातूनच परत फिरावंसं वाटलं. पण पळून जाणं तिला येत नाही. ती पुढं झाली, चमचाभर पेज त्याच्या तोंडाशी नेली. संगमिननं ती जिभेवर घेतली, क्षणभर थांबला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

“चूक,” तो म्हणाला. परदेशी जिभेचं, जरा वाकडं, पण स्पष्ट. “चूक.”

हौसाबाईच्या हातातला चमचा वाटीत पडला. “व्हय रे पोरा. चूक. माजीच चूक.” आणि ती मोबाईलमधल्या बाईकडे वळली. “बाय, मी तुजा पोर उपाशी ठेवला. शब्द दिला तुला, आनि त्याचा ताट मागं नेला. मना माप कर.”

प्रणित गडबडला. त्यानं इंग्रजीत संगमिनला विचारलं, ऐकलं, आणि हसू की रडू अशा चेहऱ्यानं आईकडे बघितलं. “आये, चूक नाय. ते पेजेला असंच काहीतरी म्हणतात. त्यांच्याकडं आजारी माणसाला हेच देतात. तो म्हणतो, ही त्याच्या आईच्या हातची लागते.”

“आनि माप? त्याला सांग ना, त्याच्या आईला सांग म्हनावं मी काय केला.”

प्रणितनं सांगितलं. ताटाची सगळी कथा सांगितली. संगमिननं ती ऐकून डोळे मिटले, खुदकन हसला, आणि मग मोबाईलकडे बघून कोरियनमध्ये दोनच वाक्यं बोलला. पलीकडच्या बाईनं ऐकलं, फोन कशाला तरी टेकवून ठेवला, उभी राहिली आणि कमरेतून वाकली. पार खाली. वर यायलाच तयार नाही.

“काय सांगितलास तू तिला?” हौसाबाई घाबरली. “उपाशी ठेवला ते?”

प्रणितनं विचारून घेतलं. “ते त्यानं सांगितलंच नाय. तो म्हणाला, या आईचे गुडघे गेलेले आहेत, तरी तिनं मला दोन मजले खांद्यावरून उतरवलं.”

पलीकडून आवाज येत होता, ‘ने, ने, ने’. हौसाबाईनं डोळे पुसले आणि चमचा पुन्हा हातात घेतला. “नेते बाय, नेते. आता काय मागं नेत नाय, त्याच्या तोंडातच नेते.” त्या दिवशी पेजेचा डबा रिकामा झाला. ‘ये’ म्हणजेही त्यांच्यात होच, मोठ्या माणसांशी बोलताना वापरायचं, हेही प्रणितनं तिथंच सांगितलं. हौसाबाईनं त्यावर थोडा विचार केला. “मग बरोबर हाय. दारातल्याला ये म्हनायचा, आजाऱ्याला ने म्हनायचा. आपल्यात पन त्याला होच म्हनतात.”

यानंतर घरात एक नवा कायदा झाला. संगमिन बरा होऊन आला, अंगानं पुन्हा भरला, त्याच्या कंपनीतली माणसं राहायला आली, कॉलेजात शिकणाऱ्या आफ्रिकेतल्या दोन पोरी आल्या. जो येईल त्याला हौसाबाई आधी ओटीवर बसवते आणि त्याच्याकडून त्याच्या भाषेतले चार शब्द शिकून घेते: हो, नाही, भूक, दुखतंय. ते शब्द तिच्या तोंडात बसल्याशिवाय कुणाला किल्ली मिळत नाही. आज ओव्याची ही बाई पाच-सहा भाषांत ‘दुखतंय का’ विचारते, सगळ्या भाषा ओव्याच्याच चालीवर. खारघरच्या टॉवरमधले परदेशी लोकही तिच्या ओटीवर येतात. पाणी कुठलं प्यायचं, अंगावर उठलेली ही गांधी कसली, या तापाला थांबायचं की पळायचं. ती हात लावून बघते आणि जमेल ते सांगते, नाहीतर आनंदाला हाक मारून पद्मजाबाईंकडे पाठवते. कितीतरी जणांना तिनं असं नेलं. वास चालणार नाही म्हणणारी त्या टॉवरची कमिटी आपल्या परदेशी भाडेकरूंना आता तिचाच पत्ता देते, आणि हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवल्याशिवाय राहत नाही.

तिला स्वतःला मात्र कुणी नेऊ शकत नव्हतं. गुडघ्यानं आता ओटीवरून उठणंही अवघड झालेलं. प्रणितनं विनवलं, भाविकानं नातवाला मांडीवर देऊन विनवलं, पद्मजाबाईंनी दोनदा ऑपरेशनची तारीख दिली आणि दोनदा हौसाबाईनं ती बुडवली. “मी कुनाचा हात धरून चालली नाय,” सगळ्यांना एकच उत्तर.

संगमिनचं बंदरावरचं काम संपत आलं होतं. महिन्याभरात तो जाणार होता. एके सकाळी आनंदाची रिक्षा दारात येऊन उभी राहिली. संगमिन खाली आला. कामावर जायचे कपडे नव्हते. हौसाबाई ओटीवर बसली होती, समोर गल्लीतल्या बाया पाण्याला निघालेल्या. तो पायरीवर तिच्यापुढं वाकला, अगदी पहिल्या दिवशीसारखा, आणि हात पुढं केला.

“आये,” तो म्हणाला. हे त्यानं प्रणितकडून उचललेलं. “तुला नेऊ?”

गल्ली थांबली. हौसाबाईला ‘तू’ म्हणणारा हा आणखी एक, आणि तोही भर रस्त्यात. आता काय ऐकायला मिळतंय म्हणून बाया कान टवकारून उभ्या राहिल्या.

हौसाबाईनं त्याच्या हाताकडे बघितलं. तो हात तिनं एकदा हवेत थरथरताना पाहिला होता, पेल्यामागं आलेला. तो परत जाऊ द्यायचा नाही, हे तिनं त्याच दिवशी ठरवलं होतं.

“ने,” ती म्हणाली, आणि त्याचा हात धरून उठली.